पानमळ्याच्या दारातले जोडे

शिरपूरला तंबूत गोऱ्यांचा बोलपट आला होता. एक दरोडेखोर शहरातल्या जुन्या गल्ल्यांत लपलेला. तिथे पोलिसांचं काही चालत नाही, पण एका बाईपायी तो बाहेर पडतो. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. तंबूवाला मधूनमधून ओरडून सांगत होता, तेही मनचंच असावं. माहेरपणाला आलेली माझी आत्या शेजारी बसली होती. दरोडेखोर गल्ली उतरू लागला तशी ती उठली.

"चाल घरी. थो आता वाचत नाई."

आमचा पानमळा होता. पानवेलींचा मळा म्हणजे देऊळच. आत अनवाणी जायचं, चामडं न्यायचं नाही, परक्यानं पाऊल टाकायचं नाही. आत्या विधवा होऊन घरी आली, त्याच साली वाटमारी करून पळालेल्या एकाला आजोबांनी मळ्यात आसरा दिला. तो वेल बांधायचा, आत्या त्याची भाकरी न्यायची. त्याचे जोडे तिनं घरी दडवले होते. दोघांचं जुळलं हे सगळ्यांना ठाऊक होतं नि सगळेच आंधळे झाले होते. हवालदारालाही तो आत असल्याचा वास लागला होता. पण देवाच्या विड्याला पानं आमचीच लागत, त्यामुळे तो आत शिरला नाही. बांधावर बसून आमचाच चहा प्यायचा नि म्हणायचा, येईल आपल्या पायानं.

मग आजोबा घाबरले. त्यांनी केनवडच्या एका बिजवराशी आत्याचा पाट ठरवला. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

दोघांनी भरदुपारी, हवालदार जेवायला गेला की, पळून जायचं ठरवलं. वाट काट्याकुट्यांची, जोडे हवेच होते. आत्यानं ते पदराखाली आणले, आणि जन्माच्या सवयीनं फाटकाबाहेर उतरवून त्याला बोलवायला आत गेली. एवढे मोठे पाय आमच्या घरात कुणाचेच नव्हते. लवकर परतलेल्या हवालदारानं जोडे पाहिले आणि तो शिपायांना घेऊन कुडाआड उभा राहिला. हा वाकून जोड्यात पाय घालतोय तोच शिपायांनी झडप घातली.

त्याला फाशी झाली की जन्मठेप, आम्हाला कुणी सांगितलं नाही. आत्या केनवडला गेली आणि भाकरी थापत राहिली.

तंबूतून घरी येताना मळ्यावरून आलो. वेल केव्हाच रोगानं गेले होते, तिथे आता ज्वारी होती. जिथे फाटक होतं, तिथे आत्यानं वहाणा काढल्या.

"जोडे आत नेले तं येल सुकतीन म्हून भेली मी," ती म्हणाली. "सुकले असते तं सुकले असते."