टेकडीच्या अर्ध्या चढावर

परवा बाजारात एका टोपलीतून मोहफुलांचा गोडसर वास आला आणि आईबरोबरची ती सकाळ आठवली. आई कामाशिवाय कधी कुठे गेलीच नव्हती. “काम नाई तं फिराचं काऊन?” म्हणतच ती माझ्यासोबत वर्ध्याहून पॅसेंजरमध्ये बसली. सेलू रोडला उतरून आम्ही ऑटोनं हिंगणीकडच्या जंगलापाशी गेलो आणि पायवाटेला लागलो. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. चपला हातात घेऊन, झाडाखालची मोहफुलं ओच्यात वेचत आई माझ्या पुढे चालत होती. समोरच्या टेकडीवरून धरणाचं पाणी दिसतं, असं मी सांगितल्यावर तिनं पदरच खोचला. पण अर्ध्या चढावर ती अचानक थांबली. “तुह्या बाबाले जेवाले कोण देईन?” मी पुष्कळ समजावलं, पण ती ऐकेना. दुपारच्याच गाडीनं आम्ही परतलो. घरी बाबांनी स्वतः खिचडी टाकली होती आणि जेवून तिच्या वाटची झाकून ठेवली होती. “एवढी घाई काऊन केली? संध्याकाळच्या गाडीनं आली असती तं चाललं असतं,” ते म्हणाले. आई उंबऱ्यावर बसून लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक काढत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं ठरलं, पण तोवर तिचे गुडघे गेले. आता ती दारात खुर्ची टाकून बसते आणि मी कुठूनही फिरून आलो की एवढंच विचारते, “वरपर्यंत गेलता का?”