रबरी हाताचं उद्घाटन

आठ दिवस झाले, घरातलं एकही गाजर कमी झालं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या आईला गाजरं वाचली म्हणून बरं वाटलं असतं. मंजुषा मात्र रोज धास्तीने गाजरं मोजत होती. तिच्या प्रज्वलला गाजरं लागत ती खायला नव्हे, पत्रा कापायच्या प्रेसखाली घालायला. मग आता तो त्या प्रेसखाली घालतो तरी काय?

प्रज्वल सत्तावीस वर्षांचा. डिप्लोमा झालेला, घर दिघीत, नोकरी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये. लग्न जुळवणारे ज्याला ‘होतकरू’ म्हणून वेळ मारून नेतात, तसा मुलगा. चार वर्षांपूर्वी शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्या खंडूची दोन बोटं पत्र्याबरोबर कापली गेली. मालक शहाळं घेऊन दवाखान्यात जाऊन आला, भिंतीवर ‘सुरक्षितता प्रथम’ अशी पाटी लावली आणि विषय मिटवला. प्रज्वलला तो मिटवता येईना. दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, खटपट करून त्याने एक डबी बनवली. जुन्यातल्या जुन्या प्रेसला ती बसते, आणि हात आत असेपर्यंत पेडल दाबलं तरी प्रेस खाली येत नाही. बोटांच्या जागी गाजरं घालून तो ती तपासायचा.

मग देशाच्या प्रगतीला प्रज्वलची चाहूल लागली.

चाकण रस्त्यावर हिंदुरावांनी नवे शोध लावणाऱ्यांसाठी नवोन्मेष केंद्र काढलं होतं. हिंदुराव मूळचे शेतकरी. जमिनी कारखान्यांना गेल्या, तेव्हा त्यांनीही एक कारखाना टाकला, आणि आता उतारवयात दानधर्म. माणूस दिलदार, त्याबद्दल वाद नाही. केंद्राने वर्षभरात प्रज्वलला तीन शाली, पाच नारळ आणि इतकी सन्मानचिन्हं दिली, की घरातला टीव्ही कोपऱ्यात सरकवावा लागला. डबी तेवढी कोणी तपासून दिली नाही.

तपासायचं यंत्र नव्हतं असंही नाही. हिंदुरावांनी ते परदेशातून आणवलं होतं. त्याला एक रबरी हात आहे. तो लाखभर वेळा प्रेसखाली जातो आणि डबी किती वेळा चुकली ते सांगतो. सरकारनेही मागे राहायचं नाही असं ठरवलं होतं. तपासलेली डबी बसवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला निम्मा खर्च परत, अशी योजना कागदावर तयार होती. फक्त प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्राला यंत्र हवं, यंत्राला उद्घाटन हवं, उद्घाटनाला मंत्री हवेत. मंत्र्यांनी दोनदा तारीख दिली. एकदा त्यांना दिल्लीचं बोलावणं आलं, एकदा आचारसंहिता लागली. सात महिने झाले, रबरी हात प्लॅस्टिकच्या आवरणात, मनगटाला वाळका झेंडू बांधून विश्रांती घेत होता. पूजा झाली होती, फीत राहिली होती. आणि फीत कापण्याआधी यंत्र चालवणं म्हणजे अंतरपाट दूर व्हायच्या आत नवरानवरीने पंगतीला बसण्यासारखं.

गुरुवारी केंद्रात जाताना प्रज्वल जेवणाचा डबा विसरला. तेवढं निमित्त मंजुषाला पुरलं. ती केंद्रात पोचली तेव्हा दहा-बारा वर्कशॉपवाले एका जुन्या प्रेसभोवती उभे होते. मधोमध प्रज्वल. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत प्रेसखाली आणि पाय पेडलवर. त्याने पेडल दाबलं. प्रेस हलली नाही. टाळ्या पडल्या.

“परत एकदा हं, प्रज्वल,” केंद्राची व्यवस्थापक आम्रपाली मोबाईल सरसावत म्हणाली. “फोटोत रंगरावांचे डोळे मिटलेत.”

“मिटनारच की!” रंगराव म्हणाले. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप, प्रेस आठ. “काळजात धस्स हुतंय राव.”

मंजुषा पुढे झाली. “गाजरं संपली का?”

प्रज्वलने हात बाहेर काढला आणि चोरी पकडल्यासारखा मागे लपवला. उत्तर रंगरावांनी दिलं. “गाजरावर कोन इस्वास ठिवनार, बाई? ज्यानं बनिवलं त्याचा हात आत ग्येला, की मंग खातरी पटती.”

“मग तुम्ही एकदा घालून बघा ना.”

“मला धंदा हाय, बाई,” रंगराव गंभीरपणे म्हणाले.

तिने मुलाला व्हरांड्यात ओढलं. “गाजरांवर किती वेळा चुकली होती?”

“चारशेत एकदा. हादऱ्याने वायर सैल झाली होती. आता बदललीय.”

“बदलल्यावर किती गाजरं घातलीस?”

प्रज्वल बोटांवरचं ग्रीस पुसू लागला.

“आणि हात?”

“मोजलं नाही. शंभरेक वेळा असेल. आई, आवाज नको चढवू. सोमवारी पन्नास वर्कशॉपवाले येतायत. त्यांनी ऑर्डर दिली तर सगळं मार्गी लागेल.”

शंभर वेळा न चुकलेली डबी चारशेत एकदा चुकत नाही, असं विज्ञानाच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मंजुषाने शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. ती आम्रपालीकडे वळली. “त्या यंत्राच्या खोलीची चावी कोणाकडे आहे?”

“माझ्याकडेच, काकू. पण हिंदुराव साहेबांना विचारल्याशिवाय नाही उघडता येत.”

“मग विचार.”

“असं कोणी विचारत नाही. मंत्र्यांचा अपमान झाला असं व्हायचं. केंद्रच बंद पडेल.”

“हा मुलगा प्रेसखाली स्वतःचा हात घालतो, हे तरी साहेबांना माहीत आहे का?”

“फोटो पाठवतो की आम्ही. साहेबांचा लगेच अंगठा येतो.”

मंजुषा बाकावर बसली. मोठ्या माणसांशी वाकडं घेऊ नये, हे प्रज्वलला तिनेच शिकवलं होतं. शाल घेताना वाकायचं, भाषण लांबलं तरी हसतमुख राहायचं, काम अडलं तर योग्य वेळेची वाट पाहायची. पोराने एकूण एक शिकवण पाळली होती, आणि ती पाळत पाळतच तो प्रेसखाली हात घालण्यापर्यंत आला होता.

“आई, प्लीज,” प्रज्वल म्हणाला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला तिचा बेत कळला होता. “ते चिडले तर डबी कायमची पडून राहील.”

“राहू दे. दुसरी करशील. हात असला तर.”

तिने आम्रपालीकडून हिंदुरावांचा नंबर घेतला. मेसेज नको, मेसेजला पुन्हा अंगठाच येईल. फोनच करायचा, आणि तोही इथूनच, या दोघांसमोर. दान तुमचं आहे, फीतही तुम्हीच कापा, पण सोमवारच्या आत तो रबरी हात प्रेसखाली गेला पाहिजे, कारण माझ्या मुलाचा जाणार नाही, एवढंच त्यांना सांगायचं. प्रज्वलने तिचा मोबाईल धरायला हात पुढे केला. तिने तो हात आपल्या डाव्या हातात घट्ट धरून ठेवला आणि उजव्या हाताने नंबर लावला.