मला कुणी कळवलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माझ्या गुडघेदुखीपासून सासूपर्यंत सगळं माहीत असलेल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते – कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचून झाल्यावर माझी समजूत काढायला घरी येणार नाही. समजूत काढणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

भिलाईजवळ हथखोजला आमचं लहानसं वर्कशॉप आहे. भिलाईच्या स्टील प्लांटला लागणारे क्लॅम्प, ब्रॅकेट असलं लोखंडी सामान आम्ही बनवतो. नवरा मशीन बघतो. माणसं आणि डिस्पॅच माझ्याकडे. मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. 'ताईंचं काम सरळ असतं, मनात काही ठेवत नाहीत' – हे माझ्यासमोर कितीदा बोललं गेलंय, आणि मी ते मान डोलवून ऐकून घेतलंय.

आपल्याकडची एक रीत तुम्हाला माहीत असेल. माणूस परदेशी गेलेला असला आणि मागे घरात कुणी गेलं, तर त्याला कळवायचं नाही. 'तिकडे एकटी आहे, काय करणार, आल्यावर सांगू.' काय प्रकार आहे हा? चाळिशी उलटलेल्या, कारखाना चालवणाऱ्या बाईला तिचा बाप गेला हे सांगायचं की नाही, ते चार जण अंगणात उभे राहून ठरवतात! कुणी दिला त्यांना हा अधिकार? आत्ता लिहितानाही माझं डोकं तापतंय. सात वर्षं मी ह्यावर भाषणं दिली आहेत – लग्नात, तेरवीत, ऑफिसात बसून. त्यातला एक शब्द चुकीचा नाही. आजही मी तेच म्हणेन.

फक्त – ते बोलायचा हक्क मला नव्हता.

बाबा प्लांटमध्ये क्लार्क होते. रिटायर झाल्यावर मरोद्याला माझ्या धाकट्या भावाकडे, प्रमोदकडे राहायचे. लकवा झाल्यावर तीन वर्षं अंथरुणात होते. मी दर रविवारी जायची – नखं काढायची, दाढी करून द्यायची, स्कूटरवर परत. बाकीचे सहा दिवस प्रमोदच्या बायकोचे, ज्योतीचे. त्याआधी दोनदा माझं बाहेर जायचं ठरलं होतं आणि दोन्ही वेळा बाबांच्या तब्येतीने ते मोडलं. हे सबब म्हणून सांगत नाही. नाही, थांबा – सबब म्हणूनच सांगत होते. ते वाक्य वाचलंच नाही असं समजा.

तिसऱ्यांदा मात्र मी गेले. नागपूरहून निघालेली बायकांची टूर होती, तुर्कस्तानची. नऊ दिवस. बाबा तेव्हा बरे होते. 'जाऊन ये' अशी मानही त्यांनी हलवली होती.

चौथ्या दिवशी पहाटे आम्हाला बलूनमध्ये बसवणार होते. वारा फार म्हणून रद्द झालं. गाइड म्हणाला, उद्या नक्की. बायका चिडल्या, मीही चिडले, आणि आम्ही हॉटेलात नाश्त्याला बसलो. ऑलिव्ह, काकडी, ऑम्लेट. फोन प्लेटशेजारी उताणा ठेवलेला. साडेआठला, म्हणजे घरी अकरा वाजता, त्यावर ज्योतीचं नाव आलं.

'ताई, बाबा गेले. आत्ता अकराच्या आधी. तुम्हाले सांगू नका म्हणून राहिले सगळे, पण मले ते बरोबर वाटत नाही. फोन करा.'

मी ते दोनदा वाचलं. उघडलं नाही, वरच्या वर वाचलं. दोन मिनिटांत ते गेलं आणि तिथे आलं – हा मेसेज डिलीट केला आहे. म्हणजे कुणीतरी तिला रागावलं असणार. तो प्रमोदच असणार, हे मला लगेच कळलं.

आता तुम्ही म्हणाल, धक्का बसला असेल, बधिर झाली असेल. नव्हते झाले. माझं डोकं इतकं स्वच्छ चाललं होतं की त्याचीच मला किळस येते. मेसेज उघडला नसल्यामुळे टिका निळ्या होणार नाहीत, मी वाचलं हे ज्योतीला दिसणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. इथून निघाले तरी भिलाईला पोचायला दीड-दोन दिवस, तोवर बाबांना कोण ठेवणार – हेही लक्षात आलं. आणि ह्या दोन्हींच्या आधी, सगळ्यांत पहिल्यांदा काय मनात आलं सांगू?

उद्या बलून आहे.

शेजारची बाई म्हणाली, "काय गं, घरचं का?"

"वर्कशॉपचं. ट्रक आला नाही," मी म्हटलं. आणि ऑम्लेट संपवलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. मी बलूनमध्ये बसले. खाली दगडांचे सुळके, वर ऊन यायला लागलेलं, आणि दोन्ही हात वर करून मी फोटो काढून घेतला. चांगला आला आहे फोटो. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. पुढे तेरवीला तोच फोटो आमच्या गोंदियाच्या मावशीने सगळ्यांना फिरवून दाखवला – "पहा वो, कशी हसून राहिली पोरगी! तिले बिचारीले काही मालूमच नोतं."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. बाप गेला आणि लेक फिरत राहिली – वाईट आहे, पण असं करणारी मी जगात पहिली नसेन. माझी गोष्ट इथून पुढे आहे.

मी रोज संध्याकाळी घरी फोन करायची. फोन केला नसता तर त्यांना संशय आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. पण मग फोनवर नुसतं इकडचं तिकडचं बोलता आलं असतं. मी तसं केलं नाही. मी विचारायची, बाबा कसे आहेत?

प्रमोद म्हणायचा, "झोपून राहिले ताई ते. आत्ताच जेवले."

"काय खाल्लं?"

"दहीभात."

"जरा दाखव ना मला. लांबूनच दाखव."

"आता नको ताई. उठतीन ते."

"तुझा आवाज असा का रे? सर्दी झाली?"

"धूळ आहे ना इकडे. प्लांटची."

चार संध्याकाळी हेच. मी त्याला एकेका प्रश्नाने ढकलत न्यायची आणि तो बिचारा एकेक खोटं शोधून काढायचा – आज भाजी खाल्ली, आज तुझं नाव घेतलं. तुझं नाव घेतलं! बापाला अग्नी देऊन आलेला माणूस बहिणीसाठी हे बनवत होता. आणि मला काय होत होतं? वाईट वाटत होतं? नाही. मला राग यायला लागला. खराखुरा, अंगभर. हे लोक माझ्याशी इतकं सहज खोटं बोलतात म्हणून! मी स्वतः काय करते आहे, हे त्या रागाखाली दिसेनासंच झालं. किती सोयीचं असतं ते.

रायपूरला उतरले तर प्रमोद न्यायला आलेला. भर मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी. तो म्हणाला, "ताई, आधी गाडीत बस."

मी म्हटलं, "टोपी कावून घातली तू?"

मला माहीत होतं ना कशाला घातली. तरी मी हात पुढे केला आणि ती टोपी काढली. पार्किंगमध्ये, लोकांसमोर. खाली नुकतंच भादरलेलं डोकं. तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि मी – मी ओरडले. माझ्या बापाचं तोंड तुम्ही मला पाहू दिलं नाही म्हणाले. रोज विचारत होते तर दहीभात सांगत होतास म्हणाले. त्याने खाली वाकून माझी बॅग उचलली. त्या चार संध्याकाळी मी त्याच्याकडून सगळा पुरावा गोळा करून आणला होता.

आता ज्योतीचं.

तेरवीच्या दिवशी ती आणि मी स्वयंपाकघरात दोघीच होतो. ती वरणाला फोडणी देत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी माझा मेसेज दिसला होता का तुम्हाले? मंग यायनं डिलीट करायला लावला."

तिथे मला हो म्हणता आलं असतं. दुसरं कुणी नव्हतं. ज्योती काही बोलली नसती, तिचा स्वभाव तसा नाही. मी म्हटलं, "कोणता मेसेज?"

"काही नाही. जाऊ द्या," ती म्हणाली.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरच्या खोलीत, पानं मांडलेली असताना, मावशीने विषय काढला आणि मी उभी राहून बोलले. म्हणाले, ह्या घरात एका माणसाचीही हिंमत झाली नाही मला खरं सांगायची. एकाचीही नाही! ज्योती वरणाचं भांडं घेऊन दारात उभी होती. एकाच माणसाची झाली होती, आणि ती हीच होती. मावशी तिला म्हणाली, "काहो सूनबाई, तुमाले तरी समजाले पायजे होतं. बाईची जात आपली." ज्योतीने मान खाली घालून वाढायला सुरुवात केली.

तीन वर्षं मी भाऊबीजेला मरोद्याला गेले नाही. प्रमोद साडी घेऊन आमच्या फाटकापर्यंत यायचा, पिशवी कड्याला अडकवून जायचा. मी खिडकीतून बघायची. नवरा म्हणायचा, आता सोड ना. मी म्हणायची, तुम्ही बोलूच नका, तुम्हीही त्यातलेच. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला घरात मान फार मिळतो हो. लग्नाच्या याद्या मला विचारून होऊ लागल्या, जमिनीचं माझ्याशी बोलल्याशिवाय ठरेना. कुणी मला उलट बोललं की दुसरा कुणीतरी हळूच म्हणायचा, 'तिला बोलू नको, तिच्याशी आपण काय केलं ते आठव.' मी ते सगळं घेतलं. चौथ्या वर्षी मी मन मोठं करून गेले, तेव्हा प्रमोदने दारातच माझे पाय धरले. ते पायही मी धरू दिले.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी शिकायला पोलंडला गेली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे मरोद्याला जमलो होतो. बॅगा बांधून झाल्या होत्या. प्रमोद पोरीला म्हणाला, "इथं काही बी झालं – मले झालं, तुह्या आईले झालं – तर तुले त्याच घडीले फोन येईल. कोणी लपवणार नाही. तुह्या आत्याशी जे मी केलं, ते पुन्हा ह्या घरात होणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत. "ताई, मी अजून झोपेतून उठतो वो त्याच्यानं. माफ कर मले."

सगळे माझ्याकडे बघत होते. ज्योतीही. ती रडत नव्हती. नुसती बघत होती, आणि मला वाटतं तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत असावं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "पुरे झालं. मी तुले कधीचंच माफ केलं."