ढोल वाजला तरी हेडलाइट ढिम्म हलले नाहीत!

मंडळी, आज जिंकलो!

नव्या गाडीत अँप्लिफायर बसवल्यापासून गाण्यात ढोल वाजला की हेडलाइट मंद व्हायचे. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, बजावलं होतं, “लाइट नीट कर, नाहीतर ते डबडं काढून टाक.”

आज लष्कर मोहल्ल्यातल्या मेकॅनिकनं बॅटरीपासून बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर सोडवली आणि तो हसायलाच लागला. खाली रंग तसाच, मग वीज नीट जाणार कशी! दसऱ्याला गाडीची पूजा, त्या आयुधपूजेआधी ओरखडा नको म्हणून अँप्लिफायरसाठी ही वायर बसवताना मीच रंग खरवडू दिला नव्हता.

रुपयाएवढा रंग घासला, वायर उघड्या पत्र्यावर घट्ट आवळली. संध्याकाळी आवाज फुल्ल केला, तरी लाइट एकदम स्थिर!

मागच्या सीटवरून अप्पा म्हणाले, “इन्नू जोरात, अजून जोरात लाव रे!”

खरं सांगा, ओरखडा वाचवायला तुम्ही काय बिघडवून ठेवलंय?