शेवंताबाईंनी राखलेले धनुष्य

जुन्या धनुष्यांचा शोध घेणाऱ्या मित्रहो, आज सकाळी मेढ्याजवळच्या एका गावात सत्तरच्या दशकातले, टोके पुढे वळलेले रिकर्व्ह धनुष्य पाहायला मिळाले; पण मी ते न घेताच परतलो.

"ह्या वयात शिकारीला निघालाय व्हय, पावनं?" असे म्हणत धनुष्याच्या मालकीण शेवंताबाईंनी मला आत नेले. धनुष्य देवघराशेजारी टांगले होते, दोरी चढवलेल्या अवस्थेत. त्यांचे पती सैन्यात होते. त्यांनी ते सुट्टीवर येताना आणले, आणि परत गेल्यावर सीमेवरच्या हिमस्खलनात त्यांचा मृत्यू झाला.

"जाताना ह्यांनीच दोरी चढवली. म्हनले, आलो की नेम धरतो, कुनी उतरवू नगा. दर खंडेनवमीला पुजते मी."

मी नेहमीच्या उत्साहाने समजावू लागलो. "आजी, लाकडाचे आणि काचतंतूचे थर चिकटवून याची पाती, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, घडवतात. वापर झाला की दोरी उतरवून पात्यांना विसावा द्यावा लागतो. वर्षानुवर्षे ताण राहिला, तर पाती पिळवटतात, थर सुटतात. ही पाहा चीर. आता बाण सोडला, तर हे मोडेल."

चिरेत कुंकू साचले होते. शेवंताबाई ते पदराच्या टोकाने पुसत राहिल्या.

"म्हंजी मी राखलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच मारलं म्हना की."

"निदान आता दोरी उतरवू का?" मी विचारले.

"आता कशापायी?"

मी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या जागी तुम्ही असता, तर ती चीर त्यांना दाखवली असती का?