मागावर टांगलेली तारीख

यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाची बारीक लव उडत असते. संध्याकाळी तुळया झाडून घ्या, सकाळी पुन्हा पांढऱ्या. आमच्या चादरीच्या कारखान्यातले किस्सेही तसेच साठत गेले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी सोलापुरातल्या त्या कारखान्यात ऑर्डर खात्यात टायपिस्ट होते. शेडमध्ये बायका होत्या, पण ऑफिसात मी एकटीच. त्यामुळे सगळे मला नुसतं ‘बाई’ म्हणत.

आमचा निम्मा माल तयार करून ठेवायचा, निम्मा ऑर्डरीचा. ऑर्डरीचा म्हणजे चादरीत गिऱ्हाईकाचं नाव विणलेलं असायचं. कुठल्या लॉजचं, कुठल्या वसतिगृहाचं. असा माल दुसऱ्याला विकता येत नाही. तो ज्याचा त्यालाच आणि वेळेवर पोचायला हवा. सगळी गंमत त्या ‘वेळेवर’ची.

ऑर्डरी आणायचे बागेवाडी. आमचे फिरते विक्रेते, मूळचे अक्कलकोटचे. हुबळीपासून नांदेडपर्यंत हिंडायचे. गिऱ्हाईकाशी कानडीत बोलायचे, मालकांशी मराठीत. पण तारीख दोन्ही भाषांत एकच द्यायचे: दिवाळीच्या आत. उन्हाळ्यातली ऑर्डर असो नाहीतर श्रावणातली, कागदावर तेच लिहिलेलं. गिऱ्हाईक खूश व्हायचं, बागेवाडी पुढच्या गावाला जायचे आणि सगळ्या दिवाळ्या एकदम आमच्या शेडमध्ये येऊन पडायच्या.

शेड सांभाळायचे मल्लेशम मिस्त्री. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. एकदा दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना बागेवाडी नवीन ऑर्डर घेऊन आले. मिस्त्रींनी कागद वाचला, घडी घालून परत दिला.

“हे कुटली दिवाळी, ते पण लिवून आणा की.”

बागेवाडींनी खिशातून पेन काढलं आणि खरंच पुढचं साल लिहून दिलं. ती ऑर्डर मात्र वेळेवर गेली.

*

मग मालकांच्या मुलानं पुण्याहून एक इंजिनियर आणला. नगरकर नाव. तरुण, सडपातळ, बोलायला मऊ. त्यांनी पद्धत घातली की प्रत्येक ऑर्डरीचं एक कार्ड. त्यावर गिऱ्हाईक, नग आणि द्यायची तारीख. माल हप्त्याहप्त्यानं द्यायचा असेल तर प्रत्येक हप्त्याचं वेगळं कार्ड. ते कार्ड मागावर टांगायचं. कार्ड नाही, तर माग चालवायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी ते शेडमध्ये आले, तर सगळे माग बंद. विणकर बाहेर विड्या ओढत बसलेले.

“कार्डं तर लावलेली आहेत, मग माग बंद का?” नगरकरांनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, “मागाचं कार्ड हाय साहेब. लाईटीचं कार्ड न्हाय आलं.”

शेडमध्ये हशा झाला. नगरकर हसले नाहीत. सायकल काढून तडक वीज मंडळाच्या ऑफिसात गेले. तिथे दुपारभर बसले. परत आले ते आमच्या भागात कुठल्या दिवशी किती वेळ वीज जाणार, हे लिहून घेऊनच. मग नवीन कार्ड केलं. गिऱ्हाईक: अंधार. ते मिस्त्रींच्या टेबलासमोर टांगलं.

“हे घ्या, आलं.”

मिस्त्रींनी ते जवळ जाऊन वाचलं. त्या दिवसापासून दोघं दुपारचा चहा एकत्र घेऊ लागले.

*

पुढची कल्पना लाल कार्डाची. नेहमीच्या ऑर्डरीला पांढरं कार्ड, तातडीच्या ऑर्डरीला लाल. पहिल्या दिवशी शेडमध्ये एकच लाल कार्ड होतं. मग बागेवाडींच्या लक्षात आलं की लाल कार्डाची ऑर्डर आधी विणली जाते. त्यांच्या सगळ्याच ऑर्डरी तातडीच्या झाल्या. मालकांचे व्याही, मालकांच्या बंधूंचे मित्र, सगळ्यांना घाई सुटली. बघता बघता शेड लाल झाली.

एका बार्शीच्या गृहस्थांची ऑर्डर तेवढी पांढरी राहिली. स्वभावानं सरळ माणूस, त्यांना घाई नव्हती. त्यांच्या चादरी त्याच आठवड्यात विणून, गाठोडं बांधून तयार! नगरकर चक्रावले. त्यांनी मिस्त्रींना कारण विचारलं.

मिस्त्री म्हणाले, “सगळ्यांत येकच पांढरं. आमाला वाटलं, कुणी लई मोटा माणूस असंल.”

*

शेवटी कॉम्प्युटर आला. म्हणजे कारखान्यात नव्हे, पुण्यात. आम्ही कुणी तो पाहिला नाही. मी ऑर्डरी टाईप करून पुण्याच्या एका कॉम्प्युटर सेंटरला पाठवायची. तिथून घड्याघड्यांचा लांबलचक कागद एसटीच्या पार्सलनं यायचा. कुठली ऑर्डर कुठल्या मागावर कधी घ्यायची, ते सगळं त्यात छापलेलं. फक्त तो कागद पोचेपर्यंत ते दिवस उलटून गेलेले असायचे. मिस्त्री त्याला गेल्या सालचं पंचांग म्हणायचे.

त्यात एका सॅनिटोरियमची ऑर्डर होती. आम्ही चादरी विणल्या, पाठवल्या, पोच आली. पण पाठवल्याची नोंद झाली तयार मालाच्या खात्यात. त्या ऑर्डरीच्या नावावर काही लागलंच नाही. पुण्याच्या यंत्राला वाटलं, ऑर्डर अजून बाकीच आहे. त्यानं पुन्हा विणायला सांगितलं. कागदावर छापून आलंय म्हटल्यावर मालकांनीही हुकूम दिला. पुन्हा तेवढ्याच चादरी, पुन्हा तेच नाव, पुन्हा रवाना.

तिथल्या व्यवस्थापकांचं पोस्टकार्ड आलं. मी ते मालकांना वाचून दाखवलं.

“चादरी उत्तम आहेत. पण आमचे रुग्ण पूर्वीइतकेच आहेत. वाढल्यास कळवू.”

*

वळसंगचे एक शेतकरी होते, शिवप्पा. स्वतः येऊन ऑर्डर दिली होती. मुलीच्या लग्नात आहेर म्हणून वाटायच्या चादरी, काठाला दोघांची नावं, शोभा आणि महादेव. दोन हप्ते. थोड्या साखरपुड्याला, उरलेल्या लग्नाच्या दिवशी सकाळी. पहिला हप्ता वेळेवर गेला.

दुसरा मागावर चढला आणि शिवप्पा परत आले. बरोबर मुलगी. ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सोयरीक मोडली बाई,” ते म्हणाले. “तेंनी मोडली. ऱ्हायलेलं विणू नगा.”

मी नगरकरांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑर्डर थांबवतो म्हणाले. माग बंद करायला आम्ही सगळेच शेडमध्ये गेलो. शोभा वडिलांच्या मागे होती. मागावर तिचं नाव विणून झालं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. ती तिथेच थांबली. बराच वेळ बघत राहिली. मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी तो माग थांबवला, शेजारचेही थांबवले.

“आप्पा, ह्या चादरी होऊ द्या,” ती म्हणाली.

“आन् नाव?” शिवप्पांनी विचारलं.

“माझं ऱ्हाऊ द्या. दुसरं नगं.”

शिवप्पांनी मान हलवली, हो म्हणून. नाव बदलायचं म्हणजे मागावरच्या नक्षीच्या पुठ्ठ्यांना नव्यानं भोकं पाडायची, मागावर पुन्हा चढवायची. एरवी असल्या कामाला मिस्त्री कुरकुरायचे. त्या दिवशी पुठ्ठे काढून घ्यायला त्यांनी स्वतःच हात घातला.

नगरकरांनी नवीन कार्ड घेतलं. नाव लिहिलं, नग लिहिले, आणि थांबले.

“तारीख कोणती टाकू? तारखेशिवाय कार्ड लावता येत नाही,” ते हळूच म्हणाले.

“हाय तीच टाका,” शोभा म्हणाली.

त्या तारखेला ती सकाळच्या एसटीनं आली. एकटीच. अंगावर नवं लुगडं. गाठोडी मोजून घेतली, चलनावर सही केली. हमाल गाठोडी रिक्षात चढवत होता. मिस्त्री शेडच्या दारात उभे होते. त्यांना राहवलं नाही.

“पोरी, आता हे कुनाला वाटनार?”

ती रिक्षात बसली, एक गाठोडं मांडीवर घेतलं.

“ज्यास्नी पत्रिका गेल्यात, त्यास्नी.”