आईच्या अंगावर चढलेला रंग

आमच्या घरात माणूस मेल्यावरही त्याचं म्हणणं ऐकून घेतात. आजी गेली तेव्हा दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, चांगले ढीगभर होते, पिंडाभोवती उड्या मारत होते, पण चोच लावायला एकही तयार नव्हता. सगळे उन्हात ताटकळले. मग आत्या बाबांच्या कानाशी लागली आणि बाबा हात जोडून मोठ्याने म्हणाले, "आये, मिठागर न्हाय इकनार. तुजी शपथ." एक कावळा पुढे झाला आणि त्याने घास उचलला. मी तेव्हा नुकती भिवंडीच्या कॉलेजात जायला लागले होते आणि असल्या गोष्टींची टिंगल करणं हा माझा आवडता उद्योग होता. पण तो कावळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

पुढच्याच वर्षी बाबांनी मिठागर विकलं. आमच्या राहनाळ गावात तेव्हा सगळेच विकत होते. खाजणात भराव पडला, त्यावर पत्र्यांची गोदामं उभी राहिली आणि आजीने जन्मभर ज्या वाफ्यांत मीठ ओढलं तिथे कंटेनर वळायला लागले. बाबा त्या बाजूला बघायचं टाळायचे. आमच्या घरात शपथेबद्दल कुणी बोलत नसे, म्हणजे ती सगळ्यांच्या लक्षात होती.

आजी काळी होती. नुसती सावळी नव्हे, मिठागराच्या उन्हात भाजून निघालेली काळी. आणि तिला सगळ्याला मीठ लागायचं. काकडीला, पेरूला ठीक आहे, पण ही बाई गुळाच्या खड्यालाही मीठ लावून खायची. माझी आई कोन गावची, लख्ख गोरी. आजी तिला जन्मभर 'पांढरी पाल' म्हणाली, आणि तेही पाहुण्यांसमोर. आईने उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. घरात काही ठरायचं असलं की ती चहा ठेवायची आणि मग दाराआड उभी राहून ऐकायची.

गोदामं उभी राहिल्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. आई भाकऱ्या थापत होती आणि तिच्या बोटांच्या पेरांवर काळे वळसे दिसत होते. मला वाटलं तव्याची काजळी असेल. तिने हात धुतले, वळसे तसेच. मग तिने लिंबू चोळलं, बेसन लावलं, एकदा तर भांड्याची घासणीही फिरवली. काही उपयोग झाला नाही. कोपर काळवंडलं, मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग कोळशासारखा झाला, तळहातावरच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या ठळक दिसायला लागल्या. हसली की हिरड्या निळसर दिसायच्या. बाहेर उन्हाचा पत्ता नव्हता, बाई घराबाहेर पडत नव्हती, आणि दर आठवड्याला थोडी आणखी काळी होत होती.

ती वाळलीही. जेवण जाईना, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, मग भिंतीला हात लावत लावत चालायची. आजी शेवटच्या वर्षात अशीच चालायची. हे मला दिसत होतं आणि दिसू नये असं वाटत होतं.

एका दुपारी कॉलेजातून आले तर आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. करकर असा आवाज येत होता. मी विचारलं, "काय खातेस गं?" ती वळली तेव्हा तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या होत्या आणि मुठीत जाडं मीठ होतं. ती लाजली नाही. शांतपणे म्हणाली, "बरा वाटतं मना," आणि उरलेलं तोंडात टाकलं. मी बॅग तिथेच टाकून ओटीवर जाऊन बसले.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. जमिनी विकल्यापासून आमच्या गावात साखर घरोघरी शिरली होती, त्यामुळे नाक्यावरच्या डॉक्टरने आधी साखर तपासली. ती नव्हती. मग अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक दिलं. आई ते प्यायची आणि ओकायची.

राखीपौर्णिमेला आत्या आली. दारात चप्पल काढता काढता तिने वर पाहिलं. आई आतल्या उंबऱ्यावर भिंतीला धरून उभी होती, मागून उजेड येत होता. आत्याच्या हातातली फळांची पिशवी खाली पडली. "आये?" ती म्हणाली. आत्या तिथेच खाली बसली आणि रडायला लागली, आणि तिला उठवायला आलेल्या शेजारणीही एकेक करून गप्प झाल्या. मला रागाने काही सुचेना. ही माझी आई आहे, दिसत नाही का, असं ओरडून विचारावंसं वाटलं. पण मीही त्या उजेडात पाहिलं होतं, आणि क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं.

त्यानंतर बाबा आईच्या तोंडाकडे बघेनासे झाले. एकदा ते बाहेरून घरी आले तेव्हा आई ओटीवर, आजी बसायची त्या पलंगावर बसली होती. आजवर ती तिथे कधी बसली नव्हती. बाबांकडे न बघताच म्हणाली, "इकलास ना?" दोनच शब्द, पण शेवटचा 'ना' आजीने ओढावा तसा ओढलेला. बाबा होते तिथे वाकले आणि त्यांनी बायकोचे पाय धरले. "चुकलो आये," म्हणाले. आई त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली.

मग घरच बदललं. बाबा बाहेर पडताना तिला विचारून पडायला लागले. आत्या माहेरी मुक्काम ठोकून तिचे पाय चेपायची. आई आली की ओटीवरची माणसं उठून उभी राहायची. आई फारसं बोलत नसे, पण बोलली की ऐकलं जायचं, आणि ती जे सांगायची ते आजीने सांगितलं असतं असंच असायचं. घरात भुतापेक्षा माझा बापच मला जास्त घाबरवत होता. मी आईला एकटीला गाठून विचारलं, "हे काय चाललंय?" ती म्हणाली, "दमली मी. पडू दे मना."

पितृपक्ष लागला आणि आत्याने तोडगा काढला. आजीचा जीव मिठावर अडकलाय, म्हणून ती या अंगात शिरून मीठ खाते. मीठ तोडलं की ती सुटेल. पंधरवडाभर अख्ख्या घराने अळणी खायचं. बाबांनी मिठाची बरणी स्वतःच्या हाताने नेऊन खाडीत रिकामी केली. शेजारी सांगून ठेवलं की आमच्या घरात कुणी मीठ देऊ नका. मी भांडले. म्हटलं, आईच्या अंगात त्राण नाही आणि तुम्ही तिच्या तोंडचं काढून घेताय? आत्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुजी आयस तिकडं हाय कुठं, बाय?"

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, वास तेवढा आठवतो. अळणी वरणाचा, ओकारीचा, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याचा. आई पलंगावरून उठेनाशी झाली. तिला पाण्याचा पेला उचलवेना. बाबा आणि आत्या बाजूला बसून वाट बघत होते. त्यांच्या मते आजी निघत होती, आणि निघताना अंगाला त्रास व्हायचाच. एक माणूस डोळ्यांदेखत विझत होतं आणि माझी प्रेमळ माणसं हात जोडून बसली होती.

मी तिच्या तोंडाशी कान नेला तेव्हा ती म्हणाली, "मीठ दे." आवाज कुणाचा होता ते मला ओळखायचंच नव्हतं. मी धावत शेजारी गेले, शेजारणीने दार लोटून घेतलं. तिथून तशीच गोदामांच्या रस्त्यावर ड्रायव्हर लोकांच्या टपरीवर गेले. "भैया, नमक दो." त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राच्या कागदात मूठभर बांधून दिलं. मी ते पाण्यात कालवून आईला चमच्याने पाजलं. आत्याने माझा हात धरला, मी तिला ढकललं. दोन-चार चमचे आत गेले, मग सगळं बाहेर आलं, आणि आईचे डोळे वर गेले.

तेव्हा बाबा ओरडले. "अगं! अगं ऊठ ना!" कितीतरी दिवसांनी ते तिला बायको म्हणून हाक मारत होते. त्यांनीच तिला उचलून रिक्षात घातलं. भिवंडीच्या दवाखान्यात नाडी सापडेना, त्यांनी हात वर केले आणि ठाण्याला पाठवलं.

ठाण्यातली डॉक्टरीण जेमतेम माझ्याहून मोठी वाटत होती. तिने आईचा तळहात उघडला, ओठ उलटून हिरड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "यांना मीठ खावंसं वाटायचं का?" मी तिथेच हमसाहमशी रडले. उत्तर द्यायला बाबाच पुढे आले.

तिने आम्हाला नंतर समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. आईला कधीतरी नकळत होऊन गेलेल्या टीबीने त्या खाऊन टाकल्या असाव्यात. त्यांचा रस नसला की अंगात मीठ टिकत नाही, रक्तदाब पडतो, माणूस ताण सोसू शकत नाही. मेंदू त्या ग्रंथींना जागं करायला हाका मारत सुटतो, आणि त्या हाकांनीच कातडी काळी पडते. ऐकायला कुणी उरलेलं नसतं, तरी हाका चालूच. इलाज म्हणजे गोळ्या, रोज, मरेपर्यंत. बंद केल्या तर पुन्हा हेच. तोवर आईच्या दंडात सलाइन चाललं होतं. बाबांनी बाटलीत काय आहे विचारलं. "मिठाचं पाणी," डॉक्टरीण म्हणाली. बाबा बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

आई वाचली. महिन्या-महिन्याने रंग उतरत गेला, आधी चेहऱ्यावरून, मग हातांवरून. ती जेवायला लागली, भिंत सोडून चालायला लागली. मी खूश होते, उघडउघड खूश. आत्या होळीला आली तेव्हा आईकडे बघून हळूच डोळे पुसत होती. तिच्यासाठी तिची आई दुसऱ्यांदा गेली होती, एवढं मला कळलं, पण माफ करायला मी तयार नव्हते. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "वयनी, चाय टाक."

आईने चहा टाकला. बाबा आणि गावातली दोन माणसं ओटीवर उरलेली जमीन गोदामाला द्यायची का यावर बोलत होती. आई कप घेऊन गेली, कुणी वर पाहिलं नाही. ती परत येऊन दाराआड उभी राहिली.

संध्याकाळी आम्ही दोघी भांडी लावत होतो. मी तिला एकदाचं विचारलं, "ते 'इकलास ना' तू मुद्दाम म्हणाली होतीस?"

"पयला बोल माजा व्हता," ती म्हणाली. "मंग न्हाय ठाव."

मी विषय बदलायला गोळी घेतलीस का विचारलं. तिने गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"ही न्हाय घेतली तं काय हुईल?"

"मरशील," मी म्हटलं, जरा जोरातच.

"त्ये मना ठाव हाय," आई म्हणाली. "त्याच्या आधी काय हुईल, त्ये मी इचारतंय."